कोटा उठला, तरी कापसाला भाव का नाही मिळाला?

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकानं विचारलंय: "काका, २००५ च्या आधी अमेरिका-युरोपात आपल्या कपड्यांवर कोटा होता म्हणतात. तो उठला, मग आपल्या कापसाला भाव काहून नाही भेटला? आता अमेरिकेनं कर वाढवल्यापासून 'कोटा परत येणार' असं जिनवर सगळे बोलतात. आमच्या कंपनीनं वीस मशिनी टाकून कपडे बाहेर पाठवायचं ठरवलं तर हे आडवं येईल का?"

भाऊ, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गावातल्या निम्म्या गप्पा तिथेच घसरतात. तो कोटा कापसावर नव्हता. कापूस आणि रुईची (म्हणजे जिनमध्ये सरकी काढलेल्या कापसाची) गाठ त्यातून पूर्ण मोकळी होती. सूत, कापड, चादरी-टॉवेल आणि शिवलेले कपडे एवढ्यावरच मर्यादा होती, आणि तीही घेणाऱ्या देशाच्या दारात. म्हणजे तुमच्या बैलबंडीतल्या मालाशी त्याचा संबंध तीन-चार हात सोडून होता. पण संबंध होता, आणि तो कसा होता हे कळलं तर तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

माझी उमेदीची वर्षं मुंबईतल्या एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये कोट्याच्या टेबलावर गेली. हिंगणघाटच्या पोराला कापूस कळतो म्हणून घेतलं होतं, प्रत्यक्षात कापसाचं बोंडही त्या ऑफिसात कधी दिसलं नाही. दिसायचे ते कागद.

इतिहास थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, हाँगकाँग, भारत, पाकिस्तान इथला स्वस्त सुती माल अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जाऊ लागला. तिथल्या गिरण्या ओरडू लागल्या. १९६१ मध्ये सुती मालासाठी एक 'अल्पकालीन' करार झाला, १९६२ मध्ये त्याच्या जागी 'दीर्घकालीन' आला, आणि १ जानेवारी १९७४ पासून लोकर आणि कृत्रिम धाग्यालाही त्यात ओढून मल्टी फायबर अरेंजमेंट आली. अल्पकालीन म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था ३१ डिसेंबर २००४ पर्यंत टिकली, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. एरवी जागतिक व्यापाराचा नियम असा की नगांवर बंधन घालायचं नाही, आणि घातलंच तर सगळ्या देशांना सारखं. कापडापुरता हा नियम बाजूला ठेवला गेला. श्रीमंत देशांनी आपसात कोटे लावले नाहीत, लावले ते आमच्यासारख्यांवर.

आता टेबलावर काय चालायचं ते सांगतो, कारण हे आता कुणी सांगत नाही.

अमेरिकेनं सगळ्या कपड्यांना तीन आकडी नंबर दिले होते. पुरुषांचा विणलेल्या कापडाचा सुती शर्ट म्हणजे ३४०. बायकांचा ब्लाऊज ३४१. सुती होजियरीचा शर्ट ३३८ आणि ३३९. युरोपची यादी वेगळी: ४ नंबर टी-शर्ट, ६ नंबर पँट, ८ नंबर शर्ट. भारताला दर वर्षी ३४० मध्ये अमुक इतके डझन, एवढीच परवानगी. वर्षाला त्यात साधारण सहा टक्के वाढ धरलेली, पण संवेदनशील मालात तेवढीही मिळेल याची खात्री नाही. भारताच्या वाट्याचे ते डझन देशातल्या निर्यातदारांत वाटायचं काम कपड्यांसाठी अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे होतं, सूत आणि कापडासाठी टेक्सप्रोसिल या सुती मालाच्या कौन्सिलकडे. वाटपाचे प्रकार चार-पाच, पण सगळ्यात मोठा हिस्सा मागच्या कामगिरीवर. ज्यानं मागच्या वर्षांत माल पाठवला त्याला पुढच्या वर्षी हक्क. त्याखाली 'पहिला आला त्याला पहिला' असा एक वाटा असायचा, त्यासाठी अनामत भरावी लागायची आणि माल वेळेत नाही गेला तर ती जप्त.

यातली मेख अशी की मागच्या कामगिरीचा कोटा विकता येत होता. त्यामुळे बाजारात एक नवीनच माल तयार झाला: परवानगी. तिला प्रीमियम म्हणायचे. ऑक्टोबर उलटला की गरम कॅटेगरीचा प्रीमियम दिवसातून दोनदा बदलायचा. शर्ट शिवून, धुवून, इस्त्री होऊन पेटीत पडलेला असायचा आणि आम्ही फोनवर डझनाचा भाव करत बसायचो, शर्टाचा नाही, तो पाठवण्याच्या हक्काचा. काही कॅटेगरीत हा प्रीमियम शिवणाऱ्या बाईच्या मजुरीपेक्षा जास्त भरायचा. मुंबईत आणि दिल्लीत असे लोक होते ज्यांच्याकडे कारखान्याचा पत्ता होता, मशिनी नव्हत्या. जुन्या कामगिरीचा कोटा दर वर्षी विकायचा आणि घरी बसून खायचं.

इन्व्हॉइसवर व्हिसाचा, म्हणजे माल कोट्यातला असल्याचा, शिक्का लागल्याशिवाय अमेरिकेचं कस्टम माल सोडत नसे. शिक्क्यात कॅटेगरी चुकली, डझनांचा आकडा एका जागी गिरवलेला दिसला, की कंटेनर तिथेच पडून. आणि डिसेंबरात देशाचा वर्षाचा आकडा भरला की एम्बार्गो, म्हणजे त्या मालाला दार बंद. मग माल तिथल्या कस्टमच्या ताब्यातल्या बाँडेड गोदामात १ जानेवारीची वाट बघत राहायचा, आणि नाताळासाठी शिवलेले लाल-हिरवे शर्ट फेब्रुवारीत सूट देऊन विकले जायचे. त्या सुटीचे पैसे कोण भरायचं, तर आमच्यासारखा निर्यातदार. तो कुणाच्या अंगावर ढकलायचा, तर कापडवाल्याच्या. कापडवाला सूतवाल्याच्या, सूतवाला जिनवाल्याच्या. पुढे तुम्हाला माहीतच आहे.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं ते एवढ्यासाठी: कोट्यामुळे तिकडे कपडा महाग विकला जायचा हे खरं. टंचाई केली की भाव चढतो. पण चढलेला भाव ज्याच्या हातात कागद, त्याच्या खिशात जायचा. कापूस पिकवणाऱ्याकडे कागद नव्हता, म्हणून कोटा होता तेव्हाही त्याला काही मिळालं नाही, आणि गेला तेव्हाही त्याचं काही सुटलं नाही.

एका वाटेनं मात्र विदर्भाला दार उघडं होतं. हातमागाचं कापड, त्या कापडाची हातानं केलेली वस्तू आणि पारंपरिक हस्तकलेचा माल कोट्यातून वगळलेला होता. अमेरिकेशी झालेल्या करारात अशा पारंपरिक मालाची 'इंडिया आयटम्स' म्हणून यादीच होती आणि तिच्या दाखल्याचा शिक्का चक्क हत्तीच्या आकाराचा होता. तो हत्ती इन्व्हॉइसवर उमटला की डझनांचा हिशेब संपला. नागपुरात कोष्ट्यांचे माग होते, भंडाऱ्याकडे मोहाडीला कोसा रेशीम होतं, वर्ध्याला खादीची परंपरा होती. पण तो हत्ती जास्त करून दक्षिणेतल्या चेक्सच्या कापडावर आणि राजस्थानच्या घागऱ्यांवर उमटला. आपल्याकडे माल होता. तो एकसारख्या रंगात, एकसारख्या पन्ह्यात, तारखेला देणारा मधला माणूस नव्हता. (कोसा एकसारखा रंगत नाही, ही त्याची शोभा. अमेरिकन खरेदीदार तिला डिफेक्ट लिहायचा.)

कोट्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो ज्याला सुरुवातीला कोटाच नव्हता त्याला. १९७८-७९ च्या सुमारास कोरियाच्या देवू कंपनीनं बांगलादेशातल्या 'देश' नावाच्या कंपनीशी करार केला आणि तिथल्या १३० जणांना कोरियात नेऊन शिकवलं. देवूला बांगलादेशाचा कळवळा आला नव्हता. कोरियाचा कोटा भरलेला होता, बांगलादेशाचं पान कोरं होतं, एवढंच. त्या शिकलेल्या लोकांतून पुढे एकेकानं आपापले कारखाने काढले. आज बांगलादेश आपल्या रुईच्या आणि सुताच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. जिनवाला सकाळी भाव पाडतो तेव्हा "ढाक्याची उचल नाही" म्हणतो, त्याचं मूळ तिथे आहे.

मग कोटा उठला कसा? १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत दहा वर्षांत कोटे संपवण्याचा करार. १९९० च्या आयातीच्या प्रमाणावर हिशेब: १९९५ ला १६ टक्के माल मोकळा, १९९८ ला आणखी १७, २००२ ला १८, आणि उरलेला ४९ टक्के एकदम १ जानेवारी २००५ ला. कागदावर टप्पे दिसतात. पण कुठला माल आधी मोकळा करायचा हे ठरवायचा हक्क घेणाऱ्या देशाकडे. कराराच्या यादीत पॅराशूट होते, मोटारीचे सीट बेल्ट होते, छत्र्या होत्या, बाहुलीचे कपडेही होते. ज्यावर मुळात बंधनच नव्हतं असल्या वस्तू मोकळ्या करून त्यांनी पहिले टक्के भरले. शर्ट, पँट, ब्लाऊज शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवले. म्हणून आम्हाला दहा वर्षं फरक जाणवलाच नाही, आणि मग एका रात्रीत जाणवला.

त्या रात्रीनंतर चीन आला. इतका आला की जून २००५ मध्येच युरोपनं चीनशी बसून दहा प्रकारच्या मालावर नवीन मर्यादा ठरवल्या, आणि ऑगस्टमध्ये कोट्यवधी चिनी स्वेटर, पँटी आणि ब्रा युरोपच्या बंदरांत अडकून पडल्या. अमेरिकेनंही नोव्हेंबरात तसाच करार केला. युरोपचं बंधन २००७ अखेर संपलं, अमेरिकेचं २००८ अखेर. भारताची निर्यातही वाढली, हे नाकारत नाही. पण तयार कपड्यांचा उद्योग आपल्याकडे वर्षानुवर्षं लघुउद्योगासाठी राखीव होता. विणलेल्या कापडाच्या कपड्यांचं आरक्षण २००० च्या धोरणात उठलं, होजियरीचं त्याहूनही उशिरा. हजार मशिनींचा कारखाना उभा करायला चीनला वीस वर्षं मिळाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे. २००५ च्या आसपास विदर्भात कापसाचं जे झालं, त्याचं खापर कोट्यावर फोडू नका. ऑक्टोबर २००१ मध्ये रुईचा जागतिक भाव पौंडाला ४० सेंटच्या खाली आला होता, तीस वर्षांतला नीचांक. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देत होती, त्यामुळे भाव पडला तरी तिचा पेरा कमी होत नव्हता. ब्राझीलनं त्यावर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला; आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार देशांनी हाच मुद्दा २००३ मध्ये संघटनेच्या कानकून परिषदेत मांडला. इकडे १९९४ पासून रुईची आयात खुली होती. आणि १९७२ पासून चालत आलेली एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा ही योजना, याच काळात मोडीत निघाली. चुकारे कसे मिळायचे, ग्रेडर काय करायचा, हे तुमच्या वडिलांना विचारा. पण ती गेल्यावर शेतकरी सरळ जगाच्या भावासमोर उघडा पडला. ही कारणं पुरेशी आहेत.

शिवाय आपली जुनी दुखरी जागा: कापूस आपला, सूत दुसऱ्याचं. १८७७ ला टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस इथे आहे म्हणून. आज तिच्या जागेवर मॉल आहे. पुलगाव, बडनेरा, हिंगणघाट, ही नावं गिरण्यांची होती. आता गाठ बांधली की ट्रक तामिळनाडूला नाही तर गुजरातला. ढोबळ हिशेब करा. एक क्विंटल कापसाची सुमारे ३४ किलो रुई, कताई-कटाईची घट धरून दीडशेच्या आतबाहेर टी-शर्ट. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. सरकीचे पैसे वजा केले तर एका टी-शर्टात शेतकऱ्याचे चाळीसेक रुपये. तिकडे तो टी-शर्ट किती डॉलरला विकला जातो ते मोबाइलवर बघून घ्या. मधला पैसा कताई, विणाई, रंगाई, शिलाई, भाडं, कर आणि दुकानदार यांचा. कोट्याच्या काळात त्यात प्रीमियमवाला आणखी एक होता. तो गेला तेव्हा त्याचा वाटा खरेदीदारानं भाव पाडून आपल्याकडे ओढून घेतला. २००५ च्या जानेवारीत आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला निरोप हाच होता: प्रीमियम गेला ना, मग तेवढा भाव कमी करा.

विदर्भाच्या शेतकऱ्याला ज्या कोट्यानं खरंच मारलं तो वॉशिंग्टनमध्ये ठरला नव्हता, दिल्लीत ठरला होता. त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. १९ एप्रिल २०१० ला रुईच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. पुढच्या हंगामात ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. नोंदणी उघडली आणि काही दिवसांतच भरली. कुणी भरली? ज्यांच्याकडे कागद तयार होते त्यांनी. त्याच हंगामात, मार्च २०११ मध्ये, जगाच्या बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली होती. भाव वर असताना दार अर्धं बंद, आणि आणखी १० लाख गाठींना परवानगी आली ती जूनमध्ये, भाव उतरल्यावर. सुतावरही त्या वर्षी ७२ कोटी किलोची मर्यादा होती. परत ५ मार्च २०१२ ला रुईची निर्यात एका फटक्यात बंद. कृषिमंत्री शरद पवारांनी जाहीर विरोध केला, गुजरात ओरडलं, आणि आठवड्याभरात माघार घ्यावी लागली. गिरणीला स्वस्त रुई हवी, यात गैर काही नाही. पण ती शेतकऱ्याच्या भावातून द्यायची असेल तर तसं उघड म्हणावं.

आता तेच काम आयात करानं होतं. २०२१ मध्ये रुईवर ११ टक्के कर लागला. १९ ऑगस्ट २०२५ ला तो काढला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणून, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवला. सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून आपली पहिली वेचणी घरात येते ती नेमकी याच महिन्यांत. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात वर्षाला ५१,००० टन रुई करमाफ येते. कोटा म्हणजे काय हे बघायचं असेल तर आजचं जिवंत उदाहरण ते आहे. ठरावीक टनांपर्यंत कर नाही, त्यापुढे पूर्ण कर.

दुसरा प्रश्न: जुना कोटा परत येईल का? कपड्यांच्या नगांवरचा, सगळ्या गरीब देशांवरचा तसला कोटा येईल असं मला वाटत नाही. त्याची गरजच उरली नाही. तेच काम कर करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर जादा ५० टक्के लावले तेव्हा तिरुपूरच्या ऑर्डरी थांबायला एम्बार्गो लागला नाही. ते आकडे हलत राहतात, म्हणून माल चढवायच्या दिवशीचा दर बघायचा, बातमीतला नाही. पण मूळ कर हलत नाही आणि तो विसरू नका: अमेरिकेत सुती टी-शर्टवर १६.५ टक्के, पुरुषांच्या सुती शर्टवर १९.७. युरोपात बहुतेक कपड्यांवर १२, भारताला २०२५ मध्ये सवलतीत ९.६, बांगलादेशाला शून्य. बांगलादेशचा शर्ट आपल्याच रुईचा असू शकतो. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करारावर सही झाली आहे, त्यात आपल्या कपड्यांचा कर शून्य होतो. तो लागू झाला की तुमच्यासारख्यानं आधी तिकडे बघावं.

आणि यापुढे 'मूळ कुठलं' हा प्रश्न कोट्याइतकाच त्रास देणार. सवलत हवी तर कापड कुठलं, कधी सूतही कुठलं, हे कागदावर दाखवावं लागतं. इथे मात्र तुमचा हात वर आहे. शेत, जिन, गाठीचा नंबर, सूतगिरणीचं चलान, ही साखळी तुमची कंपनी जपून ठेवू शकते. मुंबईतल्या व्यापाऱ्याला ती विकत घ्यावी लागते.

वीस मशिनींबद्दल. वीस मशिनींवर शर्ट शिवून परदेशी पाठवू नका. शर्टाला कॉलर, कफ, बटण, मापं. एका मापाचे दहा नग कमी पडले तरी ऑर्डर अडते. कापडी पिशव्या, एप्रन, उशीचे अभ्रे यापासून सुरू करा, आणि पहिलं वर्ष नागपूरच्या किंवा तिरुपूरच्या निर्यातदाराचं जॉबवर्क घ्या. त्याचा माणूस येऊन काय तपासतो ते बघा. तो सगळ्यात आधी तुटलेल्या सुईची वही मागेल: सुई तुटली ती तारीख, मशीन नंबर, आणि तुकडे चिकटपट्टीनं पानावर लावलेले, सगळे तुकडे. एक तुकडा सापडला नसेल तर त्या टेबलावरचा सगळा माल धातू शोधणाऱ्या डिटेक्टरखालून काढावा लागतो. ही वही पहिल्या दिवसापासून लिहायची सवय बायकांना लावा. माल परत येण्याची जी कारणं मी बघितली त्यात अशा बारक्या गोष्टी कोट्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या. आयईसी (आयात-निर्यातीचा) नंबर आणि कौन्सिलची नोंदणी आत्ताच करून ठेवा, त्याला फार खर्च नाही.

अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची, म्हणजे केंद्राच्या कापड उद्योग पार्कची, पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्यातून झाली. तिथे कताई-रंगाई उभी राहिली तर तुम्हाला कापड इचलकरंजीहून आणावं लागणार नाही. तोवर कापडाचं भाडं आणि न्हावा शेवापर्यंतच्या कंटेनरचं भाडं, दोन्ही भावात धरूनच गिऱ्हाइकाला डॉलरचा आकडा सांगा. आणि कुणी "माझ्याकडे परवाना आहे, तुम्ही फक्त माल द्या" म्हणत आला, तर इन्व्हॉइसवर निर्यातदार म्हणून नाव कुणाचं लागणार, कर-परतावा कुणाच्या खात्यात जाणार, हे दोन प्रश्न विचारून लेखी घ्या.